पेटीतली पत्रे आणि तिकिटांवरचा देश

शाबानचा महिना लागला की आपल्या घराघरांत साफसफाई निघते. गाद्यांना ऊन दाखवले जाते, डबे घासले जातात, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली येतात. अशा एखाद्या पेटीच्या तळाशी, लग्नातल्या जरीच्या ओढणीखाली, सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा असतो. काही पत्रे दादांची, काही नानांची, काही कमाईसाठी सौदीला गेलेल्या मामूंची. कागद पिवळा पडलेला असतो आणि घड्यांवर विरलेला. घरातले कोणीतरी म्हणते, "आता हे कोण वाचणार? उर्दू येते कोणाला?" आणि गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत जातो.

वाचक बंधू-भगिनींनो, आमचे सांगणे एवढेच आहे की तो गठ्ठा तराजूत टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आतला मजकूर वाचता आला नाही तरी चालेल. आधी बाहेरची बाजू बघा. तिथे तीन गोष्टी असतात : तिकीट, पोस्टाचा शिक्का आणि पत्ता. या तीन गोष्टींत आपल्या देशाचा आणि आपल्या घराचा इतिहास एकमेकांना चिकटून बसलेला असतो.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. झरी जामणीसारख्या तालुक्यात तिकिटांचा संग्रह ही शहरातल्या शौकिनांची गोष्ट वाटते. हा राजेरजवाड्यांचा छंद आहे, त्याला पैसा लागतो, असा समज आहे. तो खरा नाही. मागच्या वर्षी आम्ही सातवी-आठवीच्या मुलांना सांगितले की घरी विचारून एकेक जुने पाकीट आणा, नसेल तर पोस्टकार्ड आणा. चाळीसेक मुलांपैकी पंचवीस जणांनी काही ना काही आणले. एक पैसाही खर्च झाला नाही आणि इतिहासाचे पुस्तक दोन आठवडे मिटलेलेच राहिले.

त्यातले एक पाकीट सांगण्यासारखे आहे. एका मुलीच्या नानांना १९७२च्या जानेवारीत आलेले. त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट होते. मुलगी म्हणाली, "सर, पोस्टवाल्यांनी पाच पैसे जास्त का घेतले?" प्रश्न बरोबर होता. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार लावला. खास तिकीट तयार व्हायला वेळ होता, म्हणून आधी कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'शरणार्थी सहायता' असे शब्द छापून किंवा ठोकून काम भागवले. काही ठिकाणी तर पोस्टातच रबरी शिक्का मारला. डिसेंबरमध्ये निर्वासित कुटुंबाचे चित्र असलेले वेगळे तिकीट आले. हा आकार मार्च १९७३ अखेरपर्यंत चालला. म्हणजे त्या नानांना पत्र लिहिणाऱ्या माणसाने, बहिणीच्या तब्येतीची चौकशी करता करता, कोणा अनोळखी भुकेल्या घरासाठी पाच पैसे दिले होते. पाठ्यपुस्तकात बांगलादेश युद्धाला दोन परिच्छेद आहेत. त्या मुलीला ते युद्ध आता नानांच्या पाकिटावरून आठवेल.

नदीच्या अलीकडे राणी, पलीकडे निजाम

आमच्या तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. पलीकडे आज तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा आहे. आजोबांच्या काळी पलीकडे निजामाची हैदराबाद रियासत होती आणि अलीकडे वऱ्हाड. वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ साली तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला. त्यामुळे अलीकडच्या गावातल्या पत्रावर राणीचा, पुढे राजाचा मुखवटा असलेले तिकीट लागे, आणि पलीकडच्या गावात रियासतीचे स्वतःचे तिकीट. सोयरीक मात्र दोन्ही तीरांवर. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आजही एक मामू वणीला तर एक आदिलाबादला असतात. अशा घरांच्या पेटीत दोन राज्यांची तिकिटे एकाच सुतळीत बांधलेली सापडू शकतात.

निजामाची टपाल तिकिटे १८६९पासून निघू लागली. पुढच्या काळातल्या तिकिटांवर किंमत चार लिपींत लिहिलेली दिसते : उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी. राज्यकर्त्याची भाषा एक आणि रयतेच्या भाषा अनेक, हे त्या बोटभर कागदाला माहीत होते. सरकारी कामाच्या तिकिटावर उर्दूत 'सरकारी' असा शब्द छापलेला असे. आमच्या वर्गातल्या मुलांना गंमत वाटली ती याचीच. उर्दूच्या तासाला आणि मराठीच्या तासाला दोन वेगळ्या वह्या काढणाऱ्या मुलांनी दोन्ही अक्षरे एका तिकिटावर शेजारी शेजारी पाहिली. आम्ही भिंगातून दाखवली, कारण अक्षरे फार बारीक असतात.

१९३१ साली रियासतीने चित्रांची मालिका काढली. ती वाचकांनी नीट बघावी असे आम्हाला वाटते. एक आण्यावर चारमिनार. दोन आण्यांवर हैदराबादचे हायकोर्ट. चार आण्यांवर उस्मानसागर तलाव. आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे दार. बारा आण्यांवर बीदरचा मदरसा, जो बहमनी वजीर महमूद गवान यांनी पंधराव्या शतकात बांधला. आणि एक रुपयावर दौलताबाद. पुढे १९४७ ते १९४९ या काळात वरंगळच्या किल्ल्यातली काकतीय कमान आणि गोवळकोंडाही तिकिटावर आले.

यात अजिंठ्याकडे जरा थांबू या. मुसलमान राज्यकर्ता, त्याच्या राज्याचे तिकीट, आणि त्यावर बौद्ध लेणी. हे नुसते शोभेसाठी नव्हते. हैदराबाद रियासतीने १९१४ साली पुराणवस्तू खाते उघडले आणि गुलाम यझदानी यांच्याकडे दिले. अजिंठ्याची चित्रे भिंतीवरून सुटू लागली होती. ती वाचवण्यासाठी १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ कारागीर बोलावण्यात आले. यझदानींनी पुढे अजिंठ्यावर कित्येक वर्षे खपून मोठे ग्रंथ छापले. आज आपण शाळेची सहल घेऊन अजिंठ्याला जातो, मुले चित्रे बघतात, पण यझदानींचे नाव गाईडच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. आठ आण्यांच्या तिकिटावर ते काम नोंदले गेले आहे, तेवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे.

पोलीस कारवाईनंतर रियासत भारतात आली आणि १९५० साली तिची तिकिटे बंद झाली. त्या काळात आदिलाबाद-नांदेडकडच्या माणसांच्या हातात काही महिन्यांच्या अंतराने दोन वेगळ्या देशांची वाटावीत अशी तिकिटे आली. त्या वर्षांतल्या पत्रांचे गठ्ठे तर रद्दीत जाताच कामा नयेत. घरांवर त्या वर्षांत काय काय गुदरले हे पुष्कळ कुटुंबांत तोंडाने सांगितले जात नाही. पत्रात ते लिहिलेले असू शकते.

शिक्क्यांचेही असेच आहे. आपला जिल्हा पूर्वी वणीच्या नावाने 'वूण' म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याचे नाव यवतमाळ झाले आणि इंग्रजीत बरीच वर्षे 'येओतमाल' असे लिहिले जात होते. झरी जामणी हा स्वतंत्र तालुका तर अलीकडचा. त्याआधीच्या पाकिटांवर तालुका म्हणून वणी नाहीतर केळापूर लिहिलेले दिसते. गाव तेच, घर तेच, पत्ता मात्र बदलत गेला. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. यवतमाळ जिल्ह्याच्या पिनची सुरुवात ४४५ने होते. पाकिटावर ४४५ नसेल तर पत्र बहुधा बहात्तरच्या आधीचे, असा एक सोपा ताळा मुलांना देता येतो. आणे असतील तर सत्तावन्नच्या आधीचे, कारण १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. निळसर इनलँड पत्र असेल तर २ ऑक्टोबर १९५०च्या नंतरचे, कारण इनलँड त्या दिवशी सुरू झाले. पोस्टकार्ड त्याहून कितीतरी जुने, १ जुलै १८७९चे, तेव्हा पाव आण्याचे. अशा खुणा धरत मुले तारीख नसलेल्या पत्राचेही वय काढू लागली. गणिताच्या सरांनी विचारले, तुमच्या तासाला मुले एवढी शांत कशी बसतात?

पहिले तिकीट, आणि बापू दोन अक्षरांत

आशियातले पहिले टपाल तिकीट आपल्याच उपखंडात निघाले, १८५२ साली सिंधमध्ये. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत निघालेले हे तिकीट आज 'सिंध डाक' म्हणून ओळखले जाते. अर्ध्या आण्याचे, कागदावर उठवलेल्या ठशासारखे. लाल रंगातले तिकीट लाखेचे होते, ते तडकत असे, म्हणून पांढऱ्या आणि निळ्या रंगात कागदावर काढले. सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे १ ऑक्टोबर १८५४ला आली. डाक मात्र तिकिटापेक्षा फार जुनी. इब्न बतूता चौदाव्या शतकात इथे आला तेव्हा त्याने घोड्यांची डाक आणि घुंगरांची काठी घेऊन धावणारे हरकारे पाहिले आणि आपल्या सफरनाम्यात लिहून ठेवले.

तिकिटे आधी इंग्लंडमध्ये छापली जात. १९२५ साली नाशिक रोडला सरकारी छापखाना उभा राहिला. तेव्हापासून आपली तिकिटे महाराष्ट्रात छापली जाऊ लागली. यवतमाळच्या मुलाला नाशिक म्हणजे द्राक्षे एवढेच माहीत असते.

स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७चे. तिरंगा झेंडा, 'जय हिन्द' हे शब्द, किंमत साडेतीन आणे. ते परदेशी पत्रासाठी होते. देशातल्या पत्रासाठी दीड आण्याचे, अशोकस्तंभाच्या सिंहांचे, आणि विमान टपालासाठी बारा आण्यांचे, ही दोन्ही १५ डिसेंबरला आली. म्हणजे नव्या देशाने आपला झेंडा आधी बाहेरच्या जगाला दाखवला.

पुढच्या वर्षी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, गांधीजींची चार तिकिटे निघाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्या छपाईची सोय तेव्हा नाशिकला नव्हती, म्हणून स्वित्झर्लंडमध्ये छापून आणली. त्यांवर 'बापू' हा शब्द देवनागरीत आहे आणि उर्दूतही आहे. फाळणीला वर्षच झाले होते. दिल्ली, पंजाब, बंगाल रक्ताने भिजून निघाले होते, ज्या माणसाची ही तिकिटे त्यालाच गोळी घातली गेली होती, आणि उर्दू ही दुसऱ्यांची भाषा आहे असे म्हणणारे तेव्हाही होते. अशा वेळी सरकारी तिकिटावर उर्दूत 'बापू' छापले गेले. आम्हाला हे तिकीट सगळ्यांत मोलाचे वाटते, बाजारातली किंमत काहीही असो. बाजारातली किंमतही आहेच. गव्हर्नर जनरलच्या सरकारी वापरासाठी दहा रुपयांच्या काही मोजक्या तिकिटांवर 'सर्व्हिस' असा शब्द छापला होता. अशा चार तिकिटांच्या पट्टीला २०१७ साली इंग्लंडमध्ये पाच लाख पौंड मिळाले. ही बातमी ऐकून पुष्कळांनी पेट्या उपसल्या. घरात तसले तिकीट निघण्याचा संभव जवळजवळ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

१९४९च्या १५ ऑगस्टला पुरातन वास्तूंची मालिका आली. रोजच्या पत्राला लागणारी ही तिकिटे होती, त्यामुळे ती खेड्यापाड्यांत पोचली. अजिंठा, घारापुरीची त्रिमूर्ती, कोणार्क, सांची, बोधगया, नटराज, विजापूरचा गोल घुमट, अमृतसरचे सुवर्णमंदिर, चितोडचा विजयस्तंभ, लाल किल्ला, ताजमहाल, कुतुबमिनार, पालिताण्याची जैन मंदिरे. अशी सोळा तिकिटे. कोणाचे काय आणि किती, असा हिशेब करून ती निवडली असतील असे वाटत नाही. देश म्हणजे हे सगळे मिळून, एवढेच त्या मालिकेत दिसते. गोल घुमट तर आपल्या टपालाशी आणखी एका प्रकारे जोडलेला आहे : मुंबईच्या मोठ्या पोस्टाची, जीपीओची इमारत १९१३ साली पुरी झाली, तिचा घुमट विजापूरच्या धर्तीवर बांधलेला आहे. मुंबईला गेलात तर बाहेरून का होईना बघून या.

१९५२ साली संत-कवींची सहा तिकिटे आली : कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर. नव्या पद्धतीने नाशिकला छापलेली ही पहिली तिकिटे. गालिब आणि तुलसीदास एका पानावर शेजारी चिकटवताना आमच्या वर्गात कोणाला काही विशेष वाटले नाही. ते बरे झाले.

आपली माणसे

"सर, आपल्यातले कोणी आहे का तिकिटावर?" हा प्रश्न एका मुलाने विचारलाच. 'आपल्यातले' म्हणजे कोण, हे आम्ही त्यालाच विचारू शकलो असतो. पण मूल असा प्रश्न उगीच विचारत नाही. टीव्हीवर, रस्त्यावर, कधी शाळेच्या मैदानावरही त्याने काहीतरी ऐकलेले असते. उपदेश करण्यापेक्षा आम्ही अल्बम पुढे ठेवला.

मौलाना आझाद १९६६ साली तिकिटावर आले. रफी अहमद किडवाई आणि डॉ. झाकिर हुसेन १९६९ साली. सत्तावनच्या लढ्यातल्या बेगम हजरत महल १९८४ साली, नानासाहेब आणि तात्या टोपे यांच्यासोबत. अजमेरचा दर्गा १९८९ साली. मुंबईचे महापौर राहिलेले आणि 'चले जाव' हा शब्द देणारे युसुफ मेहेरअली १९९२ साली. सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खान १९९३ साली. अशफाकउल्ला खान आणि रामप्रसाद बिस्मिल १९९७ साली, दोघे एकाच तिकिटावर, कारण दोघांना फाशीही एकाच दिवशी झाली होती, १९ डिसेंबर १९२७ला. पासष्टच्या युद्धात खेमकरणला शत्रूचे रणगाडे फोडून शहीद झालेले परमवीर अब्दुल हमीद २००० साली. मोहम्मद रफी २००३ साली, बिस्मिल्ला खान २००८ साली, अब्दुल कलाम २०१५ साली. अलीगढ विद्यापीठाला शंभर वर्षे झाली तेव्हा डिसेंबर २०२०मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिकीट निघाले.

ही यादी संपलेली नाही, पण त्या मुलाच्या प्रश्नाला पुरली. मग मागच्या बाकावरच्या एका कोलाम मुलाने तोच प्रश्न विचारला. "आणि आमच्यातले?" आमच्या तालुक्यात कोलाम आणि गोंड घरे पुष्कळ आहेत. त्याला आम्ही बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांचे तिकीट दाखवले. चांद्याच्या मुलखातला हा गोंड जमीनदार सत्तावनच्या काळात इंग्रजांशी लढला आणि ऑक्टोबर १८५८मध्ये चांद्याला फासावर गेला. टपाल खात्याने त्यांच्या जन्मदिवशी, १२ मार्चला, तिकीट काढले. चांदा म्हणजे चंद्रपूर, आमच्या शेजारचा जिल्हा. मुलाने तिकीट हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि विचारले, हे माझ्या वहीत लावू का? ते आमचे एकमेव होते. दिले.

महाराष्ट्रातल्या इतरांचे काही थोडक्यात. महर्षी कर्वे यांचे तिकीट १९५८ साली निघाले तेव्हा ते हयात होते, वय शंभर. हयातीत तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. शिवाजी महाराज १९६१ साली, डॉ. आंबेडकर १९६६ साली, जोतिराव फुले १९७७ साली, सावित्रीबाई १९९८ साली. आपल्या अमरावतीकडचे गाडगेबाबा १९९८ साली आणि पंजाबराव देशमुख १९९९ साली.

तिकीट कोणाचे काढायचे हे ठरवायला टपाल खात्याची सल्लागार समिती आहे. प्रस्ताव कोणीही नागरिक किंवा संस्था पाठवू शकते. मात्र दोन वर्षे तरी आधी पाठवावा लागतो आणि त्या व्यक्तीचे किंवा वास्तूचे राष्ट्रीय महत्त्व कागदपत्रांनी दाखवावे लागते. आपल्याकडे तक्रार पुष्कळ होते की आपल्या माणसांची आठवण कोणी ठेवत नाही. प्रस्ताव किती जणांनी पाठवला, हाही प्रश्न विचारायला हवा. मराठवाड्यातल्या, वऱ्हाडातल्या किती दर्ग्यांची, मशिदींची, मदरशांची नीट लिहिलेली माहिती आपल्याजवळ आहे? मुतवल्लींकडे जुने फर्मान असते, पण त्याची नक्कलही कोणी केलेली नसते.

पेटी उघडल्यावर

आता कामाचे. पहिली गोष्ट, तिकीट कापू नका. मुले उत्साहाने कात्री घेऊन बसतात आणि पाकिटाचा कोपरा कापतात. जुन्या पाकिटाचे मोल तिकीट, शिक्का आणि पत्ता एकत्र असण्यात आहे. शिक्क्यात गावाचे नाव आणि तारीख असते, पत्त्यात आपल्या माणसाचे नाव असते. सन अमुकमध्ये अमुक गावात, अमुक गल्लीत, आपले दादा राहत होते आणि सरकारचा पोस्टमन त्यांना नावाने ओळखत होता, हे ते पाकीट सांगते. असे कागद सध्याच्या दिवसांत घरात असलेले बरे, कोर्टकचेरीसाठी नव्हे, नातवंडांसाठी.

पत्र पाकिटातच राहू द्या. पत्राच्या माथ्यावर ७८६ आणि खाली 'बाद सलाम के अर्ज है' अशी सुरुवात असते, पुढे 'यहाँ सब खैरियत है'. लिहिणाऱ्याच्या घरी मय्यत झालेली असली तरी खैरियतच. खरी बातमी चौथ्या ओळीनंतर येते. घरात उर्दू वाचणारे बुजुर्ग असतील तर त्यांना आजच बसवा, मुलाला शेजारी वही घेऊन बसवा, आणि मजकूर मराठीत उतरवून घ्या. बुजुर्ग नसतील तर शाळेतल्या किंवा मदरशातल्या उर्दूच्या शिक्षकांना दाखवा. आम्ही गेल्या वर्षभरात अकरा घरांची पत्रे वाचून दिली. एका पत्रात एका खालाच्या महेराची रक्कम आणि साक्षीदारांची नावे निघाली, जी त्या घरात कोणालाच माहीत नव्हती. खाला हयात आहेत. त्यांनी ते पत्र पुन्हा पेटीत ठेवू दिले नाही, उशीखाली ठेवले.

सुटी तिकिटे जमवायची असतील, म्हणजे अलीकडच्या साध्या पाकिटांवरची, तर कागदासकट थोडी मोठी कापा, साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवा, आपोआप सुटली की टिपकागदावर पालथी वाळवा. वर्तमानपत्रावर वाळवू नका, शाई लागते. रंगीत पाकिटाचे तिकीट वेगळ्या वाटीत भिजवा, नाहीतर रंग उतरून सगळी तिकिटे रंगतात. ओढून काढू नका, कडेचे दाते तुटले की तिकीट गेले. बोटांनी हाताळण्यापेक्षा चपटा चिमटा बरा. गोंदाने वहीत चिकटवू नका, सेलोटेप तर मुळीच नको. पारदर्शक पट्ट्यांचा अल्बम मिळतो, नाही मिळाला तर ट्रेसिंग पेपरच्या छोट्या पाकिटांत ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात भिंती ओल्या होतात, तेव्हा अल्बम भिंतीच्या कपाटात आडवा दाबून न ठेवता उभा ठेवा आणि आठवड्यातून एकदा वारा द्या.

आणि विषय एक धरा. सगळ्या जगाची सगळी तिकिटे जमवणारा थकतो. पूल, पक्षी, शिक्षक, कवी, किंवा फक्त आपल्या तालुक्यातल्या पोस्टांचे शिक्के. शेवटचा विषय फुकट आहे. प्रत्येक गावाच्या शाखा डाकघरात स्वतःला एक पोस्टकार्ड टाकायचे. मुकुटबनचा शिक्का, पाटणचा शिक्का, झरीचा शिक्का. टपाल खात्यात बदल झपाट्याने होत आहेत. तार २०१३च्या जुलैत बंद झाली, रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये मिसळले. आज सहज मिळणारा शिक्का दहा वर्षांनी मिळेलच असे नाही.

पालकांसाठी एक महत्त्वाची माहिती राहिली. टपाल खात्याची 'दीनदयाळ स्पर्श' नावाची शिष्यवृत्ती २०१७पासून आहे. सहावी ते नववीच्या मुलामुलींसाठी, वर्षाला ६००० रुपये. देशभरात ९२० जणांना मिळते. मागच्या परीक्षेत साठ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्के सूट आहे. शाळेत तिकीटसंग्रह मंडळ असावे आणि विद्यार्थी त्याचा सभासद असावा. शाळेत मंडळ नसेल तर विद्यार्थ्याच्या नावाने टपाल खात्यात तिकीटसंग्रहाचे ठेव खाते असले तरी चालते. ते मुख्य डाकघरात २०० रुपयांत उघडता येते, आणि नवी तिकिटे त्या खात्यातून घरपोच येतात. आधी लेखी प्रश्नमंजूषा होते, त्यातून निवडलेल्यांना तिकिटांवर एक प्रकल्प करावा लागतो. अर्जाच्या तारखा दर वर्षी जाहीर होतात, त्या आपल्या पोस्टमास्तरांना विचारून ठेवा. खेड्यातली मुले अर्जच करत नाहीत. उर्दू शाळांतली तर फारच कमी, कारण पत्रक शाळेत पोचले तरी फळ्यापर्यंत पोचत नाही.

आमच्या वर्गातल्या चौघांनी यंदा तयारी सुरू केली आहे. एकीचा प्रकल्प आहे 'पैनगंगेच्या दोन तीरांवरची तिकिटे'. तिला निजामाच्या काळातले एक आण्याचे चारमिनार हवे आहे. आदिलाबादच्या तिच्या मामूंनी घरची पेटी उघडून बघतो असे कळवले आहे, पोस्टकार्डावर.